मोडकी मराठी

कॉलिन पेटिफर. सेटवर पेटीमास्तर.
कपडेपटातल्या मोघ्यांनी पहिल्याच दिवशी आडनाव मोडलं,
पुढे तेच कॉलशीटवर आलं.
उंची सहा फूट दोन, मान लाल, गुडघा अधू.
एकूण मरणं सदतीस:
तीन तलवारीनं, एक हत्तीखाली,
बाकीची गोळीनं, बहुतेक पाठीत.

मूळ ग्रिम्सबी बंदराचा. बाप मासळीच्या लिलावात ओरडायचा.
तिकडे टीव्हीवर हा अकरा भाग हवालदार होता,
बाराव्यात त्याची बदली झाल्याचं
दुसऱ्याच कोणीतरी जाता जाता सांगितलं.
एका सिनेमात चादरीखालचं प्रेत.
"पाय माझा होता," म्हणायचा. "डावा."

सत्त्याऐंशी साली चाळीस दिवसांसाठी मुंबईत आला.
निर्माता विसाव्या दिवशी दुबईला गेला,
तो अजून यायचाय.
परतीच्या तिकिटाचे पैसे वेसाव्यात भाड्यात गेले.
जिन्याखाली पमाबाय टपके मासे घेऊन बसायची.
तिनं त्याला बोंबील पारखायला शिकवलं,
मग भाव करायला, मग भांडायला.
भांडता आलं तेव्हा भाषा आली.

मी संवाद-सहाय्यक.
मढच्या बंगल्यावर पहिला सीन, गव्हर्नरसाहेब दरबारात येतात.
पेटीमास्तर छाती काढून म्हणाला,
"मना ठाव हाय, तुमचा राजा कवा पलाला."
लाइटवाले शिडीवरून पडायचे बाकी राहिले.
दिग्दर्शक हसला नाही.
"गोरा असा बोलतो का? शिंत्रे, याची मराठी मोडा."

मोडली. बावीस वर्षं, रोजावर.
प्रत्येक त चा ट केला, द चा ड.
लढाई आला. राजा आली.
तो चष्मा कपाळावर चढवून विचारायचा,
"लढाई ती ना? मग आला कसा?"
"तू इंग्रज आहेस म्हणून."
हे त्याला पटायचं. चुकीखाली पेन्सिलीनं रेघ मारायचा
आणि जनरेटरच्या आडोशाला बसून
पोरं पाढे म्हणतात तसं
मोडलेलं सगळं पाठ करायचा.
एकदा घाईत शुद्ध बोलला. रीटेक झाला.

आईनं पत्रातून विचारलं, काय काम करतोस तिकडे?
यानं कळवलं, लॉर्ड आहे.
तिचं उलट टपाल:
आपल्या घरात आजवर कोणी नव्हतं. बूट पुसत जा.

गेल्या मार्चात उजवी बाजू गेली.
कूपर, खाट एकोणीस.
दहाव्या दिवशी पहिला शब्द फुटला:
"टहान लागला."
सिस्टर म्हणाली, गोऱ्याचं मराठी बघा किती गोड.
मी पाणी दिलं. तिला काही सांगितलं नाही.
माझंच हस्ताक्षर होतं ते,
त्याच्या तोंडात.

त्याच दुपारी प्रॉडक्शनचा फोन.
कलेक्टर आहे, दोन दिवस, बसूनच डायलॉग.
मोडकं बोलतो ना अजून?
"बोलतो," मी म्हणालो. "तारखा नाहीत."

मग रोज पाचला त्याच्यासमोर बसू लागलो.
जीभ दातांना लाव. त.
ताट. तवा. तू.
"टू."
तू.
"टू," तो म्हणायचा, आणि चिडून डाव्या हातानं
हवेत रेघ मारायचा, चुकीखाली.

काल पमाबाय आली. ऐंशीची, काठी घेऊन,
पिशवीत डबा, डब्यात सुकटीचा वास.
सिस्टर हां हां करत धावली तोवर
ती खाटेवर बसलीसुद्धा, त्याच्या मेलेल्या हाताशी.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
ओठ एका बाजूनं हलले.

"आयलीस गो."

लख्ख. वेसाव्याच्या धक्क्यावरून यावं तसं.

त्यात त नव्हताच कुठे.
मी तरी मोजून पाहिलं, दोनदा.