पुसट रेघ

महापे एमआयडीसी, गेट नंबर चार.
पहाटे पावणेतीनला टँकर लागतो,
इंजिन बंद झाल्यावरही
पोटातलं दूध थोडा वेळ हलत राहतं.

वर चढायचं काम हिराजी मढवींचं.
लांब दांड्याने आधी ढवळतात,
तळचं वर, वरचं तळाला,
मग बाटलीभर नमुना.
"कुठलं?" मी विचारते.
"घाटावरचं," ड्रायव्हर म्हणतो.
त्यालाही एवढंच ठाऊक.

पट्टी बुडवायची, थांबायचं.
हिचा न्याय उलटा:
दोन्ही रेघा ठसठशीत उठल्या तर दूध निर्दोष.
विष असलं की दुसरी रेघ उठत नाही.
नव्या मुलींना शिकवताना दरवेळी अडखळते मी:
जे उमटलं नाही ना, तेच आहे, बयो.

आज पुसट.

मग मोठं यंत्र. पाऊण तास.
आत कुठेतरी ते निळं चमकतं म्हणे,
मला दिसतो पडद्यावरचा एक सुळका.
ग्रॅमचे दहा लाख तुकडे करा,
किलोभर दुधात त्यातला अर्धा चालतो.
हा अर्ध्याहून जरासा जास्त.
जरासा.

पाणी घातलेलं पकडलं की राग तरी येतो कुणाचा.
हे कुणी घातलेलं नाही.
सरकीची पेंड गोदामात ओल्या भिंतीला टेकली,
शिवणीपाशी हिरवट बुरा आला,
कुणी हाताने झटकला, आतली बरी दिसली.
गाय मुकाट चघळत राहिली.
तिच्याने झालं तेवढं तिने पोटात जिरवलं,
उरलेलं सडात उतरलं.

मढवी बाटली नाकाशी धरतात.
"वास नाय काय. पेंडा भिजला का कसा वास मारतं,
आमी म्हशीपुढं टाकीतच नव्हतो.
हितंच खलं व्हतं आमचं,
तुमच्या त्या एसीच्या खाली."

ड्रायव्हर चप्पल काढून दारात उभा.
"मॅडम, उकळलं तर?"
"नाही जात."
"आणि थंड केलं तर?"
मी मान हलवते. तो चप्पल घालतो,
पुन्हा काढतो.
"मग नऊ हजार लिटर मी नेऊ कुठे?"
याचा रकाना माझ्या फॉर्मवर नाही.
मी सही करते, वेळ टाकते: चार वाजून दहा.

कोपरखैरणेत दाराच्या कडीला पिशवी लटकलेली.
आई तीन उकळ्या काढते,
तिसरीला गॅस बारीक करून म्हणते,
आता कसली भीती नाही.
मी सांगत नाही काही.
ही पिशवीही कुणीतरी तपासली असेल,
डोळे चोळत, माझ्यासारख्याच कुणी.
असेल.

पातेल्यात दूध चढून उतरलं तिथे
आतून एक रेघ राहते.
आई घासणी उचलते.
मी म्हणते, थांब जरा,
आणि पातेलं खिडकीपाशी नेते.