एकोणीस मिलिमीटर

पहिल्याच दिवशी यासीननं ते उघडलं.
दवाखान्याच्या पिशवीतून काढलं, चटईवर,
झाकण फिरवलं, छर्रा तळहातावर घेतला,
खिशातला व्हर्नियर लावला आणि म्हणाला, "एकोणीस,"
रोला बाजारात गावचं कुणी भेटावं तसं.

सत्तावीस वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात
त्यानं दुसऱ्यांच्या यंत्रांची बेअरिंगं बदलली,
रेतीनं खाल्लेली.
आता त्याच्याच नळ्या सैल पडल्यात म्हणे,
आत कफ बसून राहतो
भाडं न देणाऱ्या बॅचलरसारखा.

मारिसेल सिस्टरनं दाखवलं:
चिलमीसारखं धरायचं
(चिलीम ती म्हणाली नाही, मी म्हणते),
गाल फुगवायचे नाहीत.
भरा, थांबा, सोडा.
छर्रा उडतो, पडतो, उडतो,
आणि छातीत कुणीतरी दार वाजवतं.

मी पाठीवर हात ठेवते.
बरगड्यांखाली थरथर येते,
आमच्या खाडीत लाँच सुरू झाली की
फळीला हात लावल्यावर यायची, तशी.
कधी येत नाही.
मग मी म्हणते, थोडं तिरकं धर.
तो म्हणतो, मला नको शिकवू छर्रा.

मग आरशावर वाफ धरतात तसं
उघड्या तोंडानं, हा, हा,
मग खोकला, मग वाटी.
वाटी मी ट्यूबलाइटखाली नेते.
हिरवा. पिवळा. परवा जरा पांढरा.
मेंदीचा रंग बघायलासुद्धा
इतकी वाकले नव्हते मी.

शेजारचा बिजू एकदा विचारायला आला,
रात्री ड्रिल कोण चालवतं?
दाखवल्यावर गप्प झाला.
दुसऱ्या दिवशी दाराशी सुंठेच्या कॉफीचा थर्मास.

बुधवारी धुळीचं वादळ.
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल.
मी सगळे भाग साबणात धुतले, छर्रा फडक्यावर ठेवला,
एसीखालची बादली ओतायला वळले,
टण्,
टण्,
मग घरंगळणं, मग काहीच नाही.

फ्रिजखाली मोबाइलचा उजेड पाडून
आम्ही दोघं पालथे.
तो खोकतोय, हसतोय, खोकतोय.
म्हणाला, डबाभर आहेत माझ्याकडे,
आणि काढलाच एक, एकोणीसचा, ग्रीसमध्ये बुडालेला.
मी मनगट धरलं. यंत्राचं यंत्राला, म्हटलं,
ग्रीस ओढणार आहेस छातीत?

तेव्हा तो चिडला.
खूप वर्षांनी एवढा.
"उद्या फोटो आहे छातीचा. व्हिसाचा."
हे त्यानं मला सांगितलं नव्हतं.
मी टॉवेल पुन्हा पिळून लावला,
खरं तर तो ओलाच होता.

मग फ्रिज ओढला, दोघांनी मिळून.
खजुराची बी. निलोफरची पिन.
कुठल्याशा ईदीतला एक दिरहम.
आणि छर्रा, केसांच्या गुंत्यात,
आपण काही केलंच नाही अशा थाटात.
धुतला. पुसला. पुन्हा धुतला.

त्या रात्री पंधराऐवजी तीस.
मी मोजत होते, मोठ्यानं,
बाहेर वाळू काचेवर घासत होती,
एकविसाला चुकले, थांबले.
त्यानं नळी तोंडातून काढली नाही.
दोन बोटं दाखवली,
आणि पुन्हा दोन.