वेलांटी

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
जिथं बारा माग होते
तिथं आता दोनशे क्रेट आहेत.
माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
जेकार्डची भोकाभोकांची पुठ्ठी तेवढी राहिली,
चादरीवर मोर पाडणारी.
ती मी क्रेटवर झाकण म्हणून घालतो.
भोकांतून आळ्यांना वारा लागतो.

वडील आले की दारातच थांबतात.
नरसय्या बोल्ली, चौतीस वर्षं दोन मागांच्या मधे उभे,
कान तिथंच ठेवून आलेले.
"पुरुगुलु!" म्हणतात. किडे.
बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही,
शेजारच्या टॉवेलवाल्यालाही तो शब्द पाठ झालाय.

पहाटे साडेपाचला टेम्पो येतो :
सात रस्त्याच्या खानावळींचं उरलंसुरलं,
सांगोल्याची डाळिंबाची सालं,
चटणीच्या गिरणीतली शेंगांची तांबडी फोलपटं.
आळ्या नाक मुरडत नाहीत.
पंधरवड्यात घाण संपते, आळी बोटाच्या पेराएवढी.
मग ऊन. सोलापूरचं ऊन, ते मात्र फुकट.
मग तेल गाळायचं, भुगा करायचा,
सोयाबीनची पेंड, ज्वारीचा कोंडा,
आणि गोळी.

आधी कोकणातून सुक्या मासळीची पूड यायची.
मासा वाढवायला मासाच दळायचा,
म्हणजे चादर विणायला चादर उसवायची.
आम्ही विणकरांची जात, हे आम्हाला
आधीच कळायला हवं होतं.

आमची माशी काळी, लांबट, गरीब.
ताटावर बसत नाही.
पंख फुटल्यावर फारसं खातच नाही म्हणतात,
आळीपणी जे खाल्लं त्यावरच
आठवडाभर प्रेम करते, अंडी घालते, संपते.
माशीचं ते माशाला.
मधे एक वेलांटी फक्त,
ती पुसायला माझी तीन वर्षं गेली.

उजनीच्या पाण्यात, कुगावला,
हौसाबाई मल्लावचे सोळा पिंजरे.
प्रयोगशाळेचा कागद तिनं सगळा वाचला.
"प्रथिनं बेचाळीस टक्के" वर बोट ठेवून विचारलं,
"हा कागद माशांना दाखवला का?"
एक गोळी चावली. थुंकली.
"माशाला आळी नवी नाही, पोरा.
पोतं नवं आहे."

पहिली मूठ बुडाली.
दुसरीपण.
चिलापी वर आली, पाणी बघितलं, खाली गेली.
बुडणारी गोळी म्हणजे चिखलाला जेवण.
परतीच्या एसटीत मांडीवर ते उरलेलं पोतं,
शेजारचा माणूस टेंभुर्णीपर्यंत
नाकाला रुमाल लावून.

पाचव्या खेपेला पाणी उकळलं.
तसंच दिसलं, तापल्याशिवाय उकळलेलं,
तोंडं, शेपट्या, तोंडं.
हौसाबाई काही बोलली नाही,
मूठभर अजून टाकली आणि
पोत्याचा भाव पाडायला बसली.

रविवारी तिची चिलापी घरी आली.
अम्मानं चिंचेच्या कोळात शिजवली.
वडिलांनी काटा काढताना एकदाच माझ्याकडं बघितलं.
दुसरा तुकडा मागितला नाही.
पहिला ठेवलाही नाही.

काल रात्री लाईट गेली.
पंखे बंद. क्रेट तापायला लागली की आळ्या मरतात,
मी एकटा ओढत होतो दाराकडं,
तर बॅटरी घेऊन वडील आत.
पहिल्यांदा आत.
धरायला म्हणून त्यांनी क्रेटवर तळवा टेकला
आणि तसेच राहिले.

दहा हजार तोंडं चरत असतात एका क्रेटात.
मला ती वाळक्या कडब्यात गुरं फिरल्यासारखी ऐकू येतात.
त्यांना काय आलं, माहीत नाही.
माग थांबलाय की फिरतोय
हे ते कायम हातानंच ओळखायचे.

"चालू आहे," म्हणाले. हळू.
मग दुसऱ्या क्रेटवर हात.
मग तिसऱ्या.
मग माझ्याकडं न बघता,
"रात्रपाळीला कोण असतं?"