पसंतीचा तळ

अर्जात एक रकाना असतो : पसंतीचा तळ.
सहा कंपन्यांना मी सहा वेळा लिहिलं, सांबरा.
सहाव्या कंपनीतल्या बाईंनी फोन करून विचारलं,
"हे कुठं आलं, मॅडम? कोलंबोजवळ?"

बेळगाव, मी म्हटलं.
विमानतळाचं कुंपण संपलं की मुतगे,
मारुतीच्या देवळामागं तिसरं घर.
दारात आयशर उभी दिसली नाही
तर समजायचं, रात्र झाली आहे.

बाई म्हणाल्या, तिथं कार्गोला बेस नाही.

सध्या मी बंगळूरला राहते, म्हणजे बॅग ठेवते.
रात्री साडेअकराला खोकी उचलते.
मोबाइल, औषधं, कुणाच्या तरी लग्नाचे बूट.
एकदा एका दिवसाची वीस हजार पिल्लं होती,
चिवचिव कॉकपिटच्या दारापर्यंत येत होती.
को-पायलट म्हणाला, ही तर पॅसेंजर फ्लाइट झाली.

एरवी खोकी बोलत नाहीत.
कार्गोतलं मला हेच आवडतं.
स्वागत आधी कुठल्या भाषेत करायचं
हा प्रश्नच येत नाही.
आमच्याकडं दुकानाच्या पाटीवर
कुठलं अक्षर किती इंचांचं,
एवढ्यावरून फुटलेल्या काचा मी शाळेत जाताना ओलांडल्यात.
पाचशे किलोच्या पेटीवर फक्त एक बाण असतो :
ही बाजू वर.

अहमदाबादचा फेरा असला
की कधीकधी डाव्या खिडकीखाली बेळगाव येतं.
विझत आलेल्या शेणीवर फुंकर मारावी
आणि दिसावं, तेवढं.
त्याच्या पलीकडं, जांबोटीच्या पुढं, रानात
एक ठिपका वळणं घेत असतो.
तो बापूच असेल असं काही नाही.
तरी मी लँडिंग लाइटच्या बटणाशी हात नेते
आणि परत घेते.

बापू, म्हणजे मष्णू मुतगेकर,
कोबी, ढबू, रताळी घेऊन
चोर्ला घाटातनं गोव्याला. एकवीस वर्षं.
कणकुंबीच्या नाक्यावर, "एन लोड?"
"तरकारी री."
म्हापशात उतरला की तोच माणूस कोकणीत भांडतो.
माझं लायसन म्हणजे त्या घाटाच्या सहा हजार फेऱ्या.
लॉगबुकात त्यांना रकाना नाही.

मागच्या आठवड्यात फोन आला.
नवीन कंपनी, एका इंजिनाचं विमान, टनभर माल,
पगार आत्ताच्या निम्म्याहून कमी.
तळ, सांबरा.
"फाउंड्रीचे सुटे भाग, कुंदा, भाजी.
पहाटे गोवा, नाष्ट्याला घरी.
एवढ्या तासांचं माणूस अर्ज करील
असं वाटलं नव्हतं आम्हाला."
मलाही वाटलं नव्हतं.
हॉटेलच्या पलंगावर मी बूट घालूनच बसले होते.

बापूला सांगितलं.
गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला, इंजिन चालूच.
"कुठनं बोलूलालीस गे?"
"गुवाहाटी."
"किलोला किती घेणार म्हणाले ते?"
मला दर माहीत होता. सांगितला.

वाटलं होतं म्हणेल, ये की मग.
बराच वेळ नुसतं डिझेल ऐकू येत होतं.

"म्हणजे माझा कोबी तू नेणार."

चोवीस मिनिटांचं उड्डाण.
वारा, इंधन, वजन, सगळं काढून झालं होतं माझं.
हे एवढं राहिलं होतं.

"ने," तो म्हणाला. "कोबी नासतंय लौकर.
ढबूबी ने. रताळी तेवढी ठेव मला.
त्यास्नी घाई नसत्ये."
मग, गिअर टाकता टाकता,
"आणि मंडईतनं सांबऱ्यापत्तोर माल आणून कोण देणार,
ते विचारलंस काय?"

विचारलं नव्हतं.

अर्ज आत्ता पुढ्यात आहे.
पगाराच्या अपेक्षेचा रकाना मी कोरा सोडलाय.
त्याच्या खाली, इतर अटी :
आयशर, एक. ड्रायव्हरसकट.