दीड तास पुढे

सोहार बंदर, रात्रपाळी. बाहेर उकाडा,
आत स्वेटर घालून मी.
एका कपाटात चार यंत्रं, वीस वर्षांची केबल,
तिला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी: हात लावू नये.

आजवर ज्याचं त्याचं कुलूप वेगळं होतं.
साहेबांना आता एकच किल्ली हवी.

नाव बरोबर, पासवर्ड बरोबर,
तिघांनी आत घेतलं.
चौथं विचारतं, तू कोण?
पुन्हा टाइप केलं, सावकाश, एका बोटानं.
तू कोण?

तीन वाजता सुचलं, त्याचं घड्याळ बघावं.
साडेचार.
पाच मिनिटं इकडेतिकडे चालतात,
त्यापुढे साक्ष शिळी.

इस्माईल परकार, अंजर्ल्याचे.
एकवीस वर्षं याच खुर्चीत. मी पाहिलेले नाहीत,
खणात त्यांचा चष्मा आहे, एका काडीचा.
हे त्यांनीच लावलं असणार, हातानं,
तिकडे कोण उठलं असेल ते कळावं म्हणून.

मी घड्याळ मागे घेतलं.
चौथ्यानं लगेच ओळखलं, काही न विचारता.
वहीत लिहिलं: वेळ दुरुस्त केली.

अंजर्ल्यात आता चुली पेटल्या असतील.
इथे तीन वाजून सहा मिनिटं,
चारही यंत्रांच्या मते.