दुसरं वाक्य

पहिलं वाक्य पार्किंगबद्दल.
टोलीडोत पार्किंगवर कुणीही हसतं.
दुसऱ्या वाक्यात वेंडेल प्रिबिला सांगून टाकतो,
"माझा नवरा म्हणतो..."
आणि थांबतो. मुद्दाम.
एक श्वास, फार तर दीड.

या दीड श्वासात तो एकोणीस वर्षं राहतोय.
इथलं सगळं त्याला पाठ आहे:
तोंडापाशी थबकलेलं चिकन विंग,
एका खुर्चीची कुरकुर,
आणि हसायचं की नाही हे
बायकोकडे बघून ठरवणारा कुणीतरी.

इंग्रजी तशी पदराआड घेणारी भाषा.
'पार्टनर' म्हणावं, क्रियापदाला पत्ता लागत नाही.
सुरुवातीची चार वर्षं तो त्या एका शब्दामागे
पोट आत ओढून उभा होता.
(आपल्याकडे तेवढीही सोय नाही.
म्हणाला की म्हणाली?
आपलं क्रियापद चोंबडं,
माणसाआधी तेच बोलून मोकळं होतं.)
मग मॅनेजर ग्रेचेन लूमिस म्हणाली,
"मला काही नाही रे, पण गुरुवारचं पब्लिक...
ते जरा शेवटी घे."
त्या रात्रीपासून ते दुसऱ्या वाक्यात.

आज त्याच्या आधी ड्वेन होता.
मनगट मोडून, आवाज बारीक करून
ड्वेनने तीन मिनिटं काढली. हॉल लोळला.
वेंडेल पडद्याशी उभा, हातात सोड्याचा ग्लास,
उत्तर द्यावं तर रडका, न द्यावं तर मिंधा.
माईक हातात घेतला तेव्हा
त्या हशाने तो अजून कोमट होता.

"...नवरा म्हणतो, मस्टर्ड फ्रिजमध्येच आहे.
आता बघा, घरात दोघंही पुरुष.
म्हणजे हरवलेली वस्तू शोधून देणारं कुणीच नाही.
फ्रिजमध्ये मस्टर्ड आहे,
असं आम्ही तीन वर्षं नुसतं ऐकून आहोत."

टेबल चारवरच्या बायका आधी फुटल्या,
मग त्यांचे नवरे, जरा उशिराने,
पकडले गेल्यासारखे.
मागून एकजण ओरडला,
"तुमच्यात बायको कोण?"
हा प्रश्न दर गुरुवारी येतो,
कधी टोपी घालून, कधी टक्कल घेऊन.
"जो आत्ता घरी शांतपणे टीव्ही बघतोय, तो."
टाळ्या. चांगल्या, भरल्या हाताच्या.

मागच्या भिंतीवर लाल दिवा लागला.
एक मिनिट उरलं.

घरी कुणी टीव्ही बघत नाहीये.
आर्विड मार्चमध्येच गेला,
इस्त्रीचे शर्ट गाडीच्या मागच्या सीटवर आडवे टाकून.
कोर्टात नंबर सत्तावीस होता,
सव्वीस आणि अठ्ठावीससारखाच कंटाळवाणा.
पण सात मिनिटांत दोन गौप्यस्फोट मावत नाहीत.
नवरा आहे, एवढं टोलीडो आताशा पचवतं.
होता, हे सांगायला तिसरं वाक्य लागेल,
आणि तिसऱ्या वाक्यात तर हशा यायला हवा.

म्हणून इतकी वर्षं उघड असलेला हा माणूस
रोज रात्री वर्तमानकाळात लपतो.

बाहेर, कार्पेटच्या बंद दुकानासमोर,
एक जाडजूड वेल्डर त्याच्या गाडीपाशी थांबलेला.
वेंडेलच्या बोटांनी खिशातली किल्ली
टोक बाहेर करून धरली, सवयीने.
तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग,
मस्टर्ड खालच्या खणात असतं, दुधाच्या मागे.
माझं तिथेच सापडलं. घटस्फोटानंतर."

वेंडेल हसला नाही. हे नवीन होतं.
"सांगतो," म्हणाला,
आणि किल्ली खिशात आडवी झाली.

घरी पोचल्यावर कोट न काढता
त्याने फ्रिज उघडला.
दुधामागे नव्हतं.
दारातच होतं, समोर, डोळ्यांच्या उंचीवर,
झाकणावर आर्विडच्या अक्षरात तारीख:
उघडलं, चार जून.