काळीज म्हणजे यकृत

कवितेत काळीज म्हणतात तेव्हा
बोट छातीवर जातं.
खाटकाला विचारा, तो बरोबर जागा दाखवतो.
कौसाबाईनंही बरोबर दाखवली,
उजवीकडं, शेवटच्या बरगडीखाली:
"हितं मपलं काळीज दुखतंय, बाई."

मेणात बसवलेला तिचा तुकडा
मी कापला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
निळ्यात बुडवला, मग गुलाबीत.
एरवी यकृताच्या पेशी राहतात
गल्लीतल्या घरांसारख्या, भिंतीला भिंत लावून.
हिच्या सुटल्या होत्या.
दोन-तीन तर शिरेत उतरून
फुफ्फुसाच्या वाटेला लागलेल्या,
शेजारणीला न सांगता.

फॉर्मवर रकाने: दारू, तंबाखू, कावीळ.
तिन्हींपुढं नाही.
तरी वॉर्डातली मावशी पुटपुटलीच,
पीत असंल चोरून.

जालन्याबाहेर, पत्र्याच्या एका आवारात
अकरा वर्षं ड्रम धुतले कौसाबाईनं.
कारखान्यांतून आलेले, निळे, दोनशे लिटरचे.
आत डोकं घालून, राखेनं, काथ्यानं,
वरचं लेबल विळ्यानं खरवडून.
"वास यायचा की. कधी बदामावाणी,
कधी जळक्या रबरावाणी.
धुतल्यालं पाणी? ते कुठं जाईल,
तिथंच मुरायचं. तिथंच बोर हाय.
त्याच बोरचं पेत होतो."

डॉक्टर देवढे म्हणाले,
एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.
काही रसायनं म्हणे पेशींची
एकमेकींना धरलेली मूठ सैल करत असावीत;
उंदरांत दिसलंय, माणसांत अजून बघतायत.
असावीत.
हा शब्द फॉर्मात कुठं लिहायचा
ते मी शोधत राहिले,
पाठपोट दोन्हीकडं.

आमच्या मोरीबाहेर तसाच एक ड्रम आहे.
आठवडी बाजारातून वडिलांनी सायकलला बांधून आणलेला.
टँकर नवव्या दिवशी येतो,
ड्रमाशिवाय गल्लीत कुणाचं भागत नाही.
कवटीच्या चित्राची एक कड
अजून चिकटून आहे, नखानं निघत नाही.
हा कुणी घासला असेल?

आईला म्हटलं, फेकून देऊ.
ती म्हणाली, मग पाणी कशात भरू,
तुझ्या त्या काचेवर?

गुरुवारी पहाटे टँकर आला.
नळी मीच धरली.